आडवी तर्जनी

साशंक : गिटार शिकायला आलेली माणसं कुठे गळतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. पहिला महिना छान जातो. ई मायनर, जी, सी, डी एवढ्या चार कॉर्ड्सवर गाणी उभी राहतात, घरचे कौतुकाने ऐकतात. मग एके दिवशी एफ समोर येते. तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी टाकायची, उरलेली तीन बोटं तिच्यापुढे रचायची आणि तारा छेडायच्या. दोन तारा थडथडतात, एक अगदी मुकी राहते, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. शिकवणारा म्हणतो, "जोर लाव, होईल सवय." महिन्याभरात गिटार कपाटावर जाते आणि तिथेच राहते. ज्या एका कॉर्डपायी माणूस अख्खं वाद्य सोडून देतो, ती त्याला इतक्या लवकर का द्यायची? आणि द्यायचीच कशाला?

उत्साही : कारण तिच्यावाचून गिटार अर्धीसुद्धा हाती येत नाही. बारा स्वरांपैकी फक्त पाचांची मेजर कॉर्ड मोकळ्या तारांच्या आधाराने सहज धरता येते: सी, डी, ई, जी आणि ए. पेटीच्या भाषेत पांढरी एक, दोन, तीन, पाच आणि सहा. पांढरी चार नाही, पांढरी सात नाही आणि पाचांपैकी एकही काळी नाही. आता आपल्याकडे गाणारी माणसं कुठे सूर लावतात ते आठवा. पुरुष बहुधा काळी एकमध्ये नाहीतर काळी दोनमध्ये, बायका काळी चारमध्ये किंवा पाचमध्ये. म्हणजे गिटार जिथे आपसूक वाजते तिथे आपला गळा नाही, आणि गळा जिथे आहे तिथे गिटार मुकी. आईने भावगीत म्हणायला काळी चारचा सूर धरला, तर मोकळ्या कॉर्ड्सवर वाढलेला मुलगा एकच सांगू शकतो, आई, जरा सूर बदल. पेटीवाला असं कधी सांगत नाही. आडवी तर्जनी म्हणजे जागा बदलणारा नट, मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी. ई मेजरचा आकार तिच्यापुढे धरून चौथ्या फ्रेटवर नेला की काळी चार, सहाव्यावर नेला की काळी पाच. आकार एकच, जागा फक्त सरकते. एवढी मोकळीक देणारी दुसरी कुठलीही गोष्ट नवशिक्याला त्या वाद्यावर मिळत नाही.

साशंक : ती मोकळीक कॅपो देतो, मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जीचा आकार धरा: काळी चार. एचा धरा: काळी पाच. सीचा धरा: काळी एक. आई खूश, मुलगा खूश, अंगठा शाबूत. कॅपो म्हणजे लंगड्याची काठी असं कुणी म्हणायला लागलं तर मी त्याला स्पेनकडे बघायला सांगतो. फ्लामेंकोचे पट्टीचे वादक गायकाच्या सुरानुसार राजरोस कॅपो लावतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शिवाय कॅपो लावल्यावर मोकळ्या तारा मोकळ्याच राहतात. आपला कान तंबोऱ्यावर पोसलेला आहे. तार सुटी वाजून विरत जाते तेव्हा जो भराव तयार होतो तो आपल्याला हवासा वाटतो. आडव्या तर्जनीच्या, म्हणजे बार कॉर्डमध्ये सहाही तारा बोटांखाली दबलेल्या असतात, नाद आखूड होतो. एवढे कष्ट घेऊन हातात काय येतं, तर कोरडा आवाज.

उत्साही : कॅपो सा हलवतो, पण कॉर्ड्समधलं नातं त्याच्याने हलत नाही. सीच्या आकारात गाणं बसवलंत तर मध्यमावरची कॉर्ड कोणती? एफ. ती काही कधीतरी लागणारी कॉर्ड नव्हे, सा, म आणि प या तीन खांबांपैकी एक खांब आहे. डीच्या आकारात बसवा, एफ शार्प मायनर आणि बी मायनर वाट बघत बसलेल्या असतात. एच्या आकारात बी मायनर, एफ शार्प मायनर आणि सी शार्प मायनर. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा नाहीतर पाचव्या, भोक तिथल्या तिथेच राहतं. राहिली गोष्ट कोरड्या आवाजाची. तुम्ही तबला ऐकता ना? त्यात खुले बोल आहेत तसे बंद बोलही आहेत. नुसते खुलेच बोल वाजवणाऱ्याला आपण तबलजी म्हणू का? मोकळ्या तारांची कॉर्ड छेडल्यावर डाव्या हाताला ती सहज थांबवता येत नाही. मोकळी तार वाजतच राहते. बार कॉर्डवर हात किंचित सैल करा, बोटं तारांवरून उचलूसुद्धा नका, की आवाज तुटतो. पुन्हा दाबा, पुन्हा जिवंत. ही बंद-खुली डाव्या हातात आली की उजव्या हाताचा ठेका बोलायला लागतो. नवशिक्याला आपण फक्त दाबायला शिकवतो. खरा धडा दाब सोडण्याचा आहे, आणि तो याच कॉर्डवर मिळतो.

साशंक : बंद-खुलीचं मान्य. ते माझ्या मनात आलं नव्हतं. पण नात्यांच्या मुद्द्यात तुम्ही जी सोडून दिलीत. जीच्या आकारात जी, सी, डी, ई मायनर आणि ए मायनर या साऱ्या मोकळ्या आहेत. उरते एकटी बी मायनर, गंधारावरची कॉर्ड. ती आली तर तिथे जी किंवा डी धरता येते. तिच्या तीन सुरांपैकी दोन यातल्या प्रत्येकीत आहेतच. हुबेहूब नाही होणार, पण गाणं पडत नाही. मला मात्र याहून मुळात जायचं आहे. एफमध्ये नेमकं असतं काय ते बघू. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून निघा: सा, प, सा, ग, प, सा. तीन षड्ज, दोन पंचम आणि एक गंधार. सगळा जीव जातो तो सा आणि प दोनदा-तीनदा म्हणण्यात. आता वरच्या दोन जाड तारा सोडून द्या आणि फक्त चार तारा वाजवा. अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर, आणि तर्जनीचं टोक पातळ दोन तारांवर निजवलेलं. सा, ग, प, सा. काय कमी आहे? आणि यात एकही मोकळी तार नसल्यामुळे हा आकारसुद्धा हवा तिथे सरकतो. म्हणजे तुम्ही ज्याला बार कॉर्डची देणगी म्हणता, ते सरकणं, त्याला पूर्ण आडवी तर्जनी लागतच नाही.

उत्साही : हे तुम्ही बरोबर पकडलंत. सरकण्याचा मुद्दा मी मागे घेतो, किंवा असं म्हणतो की तो छोट्या एफपासूनच सुरू होतो. नवशिक्याला आधी हीच द्यावी, यात माझं दुमत नाही. पण काय कमी आहे असं विचारता, तर खर्ज कमी आहे. एकटी गिटार आणि एकटा गळा, सोबत दुसरं कुणी नाही, अशा वेळी तळाला तो जाड सा लागतो. तो नसला की गाणारा सुटा पडल्यासारखा वाटतो. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं तीन-तीन सुरांच्या कॉर्ड्स वाजवत राहिले, कधी त्याहूनही कमी सुरांच्या. पण त्यांच्या शेजारी बास वाजवणारा उभा असायचा. पियानो होता, ड्रम होते. सगळं स्वतःच म्हणण्याची त्यांना गरज नव्हती. घरातल्या खोलीत बसलेल्या मुलाच्या शेजारी कोण आहे?

आणखी एक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते. तुम्ही गंधार एकच आहे म्हणालात. तो कुणाच्या ताब्यात आहे? मधल्या बोटाच्या. तिसऱ्या तारेवरून ते एक बोट उचललं की तर्जनीखालचा कोमल गंधार वाजतो, आणि मेजरची मायनर होते. बाकीचे पाच सूर जागच्या जागी. गंधार शुद्ध की कोमल, एवढ्या एका फरकाने सगळा भाव पालटतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे ते एका बोटाच्या उचलण्यात प्रत्यक्ष घडतं. ज्याने हे एकदा हाताखाली अनुभवलं त्याला कॉर्ड म्हणजे बोटांच्या नकाशापलीकडचं काहीतरी आहे हे सांगावं लागत नाही.

साशंक : सुंदर आहे, पण तो अनुभव येण्याआधी बोट मोडतं, हीच तर माझी तक्रार.

उत्साही : बोट मोडतं ते चुकीच्या सांगण्याने. "सहाही तारा जोरात दाब" हे वाक्यच खोटं आहे. एफमध्ये पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीच्या बोटांनी दाबलेली असते. तर्जनीला सांभाळायच्या असतात तीनच: सहावी, दुसरी आणि पहिली. म्हणजे बोटाचं टोक आणि बोटाचं मूळ. मधला भाग नुसता टेकलेला असला तरी चालतो. ए मायनरचा आकार दुसऱ्या फ्रेटवर नेऊन बी मायनर धरली तर तर्जनीला पाचवी आणि पहिली अशा दोनच तारा वाजवायच्या असतात. शिकणाऱ्याला हे सांगितलं की त्याचा निम्मा जोर तिथल्या तिथे उतरतो. उलट एफ मायनर अवघड का? मधलं बोट उचललेलं असतं आणि तो कोमल गंधार एकट्या तर्जनीवर येतो, नेमका जिथे बोटाच्या सांध्याची वळी असते तिथे. वळीत तार बसली की ती मुकी होते. तिथे जोर वाढवून काही होत नाही. बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवावं लागतं. तर्जनी पालथी सपाट टाकण्याऐवजी अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलती करायची, कारण ती कड हाडाची आहे आणि पोटाची बाजू मऊ. फ्रेटच्या धातूला अगदी खेटून ठेवायची. आणि दाब चिमटीतून काढायचा नाही, दंडातून काढायचा. उजव्या हाताने गिटार अंगाशी धरून ठेवायची आणि डावा कोपर हलकेच मागे ओढायचा. अंगठा गिटारच्या मानेपासून पूर्ण सुटा करूनही कॉर्ड वाजवून बघता येते. ती जमेल तशी वाजली की शिकणाऱ्याच्या लक्षात येतं, आपण आजवर अंगठ्याचा उगीच छळ केला.

साशंक : हे सगळं खरं मानलं तरी तुम्ही दोष सांगण्याच्या पद्धतीवर टाकून वाद्याला मोकळं सोडताय. मी नवशिक्यांच्या गिटारी हातात घेऊन पाहतो. स्टीलच्या तारा, जवळपास ७० किलोंचा एकूण ताण, आणि नटाच्या खाचा पुरत्या खोल कापलेल्याच नाहीत. पहिला फ्रेट नटापासून साधारण साडेतीन सेंटिमीटरवर. इतक्या जवळ उंच बसलेली तार खाली वाकवायची म्हणजे ती अडून बसणारच. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि धातू यांच्यात केसाएवढी फट दिसली पाहिजे. तिथून जाड कार्ड सहज जात असेल तर त्या गिटारवर एफ वाजवायला सांगणं हा अन्याय आहे. त्यात आपला पाऊस. मुंबईत, कोकणात, गोव्यात दमट हवेने लाकूड फुगतं, पुढची फळी वर येते, तारा आणखी उचलल्या जातात. मे महिन्यात वाजणारी कॉर्ड ऑगस्टमध्ये वाजेनाशी होते आणि पोराला वाटतं आपण मागे पडलो. त्याला कुणी सांगत नाही की नट घासून घे, तारा एक नंबर पातळ लाव. बोटाचं नाव पुढे करून वाद्याचा दोष झाकला जातो. दुखण्याचंही तसंच. बोटांची टोकं दुखणं वेगळं, ती काही आठवड्यांत निबर होतात. पण अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात कळ येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर ते शरीराने दिलेलं "थांब" आहे. तिथे "सवय होईल" म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

उत्साही : मलाही येतो. म्हणून तर मी म्हणतो की पहिल्या फ्रेटपासून सुरुवात करायचीच नाही. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरायचा. नट तिथून सोळा सेंटिमीटर दूर असतो, खाचेच्या उंचीचा जाच उरत नाही, फ्रेट जवळ-जवळ असल्यामुळे बोटंही ताणावी लागत नाहीत. ती पांढरी सहा, ए मेजर. तिथे सहाही तारा स्वच्छ बोलल्या की एकेक फ्रेट खाली उतरत यायचं. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून ठेवल्या तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. हेही काही दिवस करावं. एफ ही या रस्त्यावरची शेवटची पायरी आहे. पुस्तकं तिला पहिली पायरी करतात, कारण ती पहिल्या फ्रेटवर दिसते. ई मेजर धरतानाच तर्जनी न वापरता मधलं बोट, अनामिका आणि करंगळी वापरायची सवय लावली, तर हाताला आकार आधीच पाठ असतो. मग फक्त सरकायचं आणि तर्जनी टेकवायची.

साशंक : म्हणजे आता आपण दोघेही म्हणतोय की वाद्य दुरुस्त करा, छोटी एफ आधी द्या, मोठी वरून खाली आणा. मग भांडण कशाचं उरलं? मला वाटतं एकच उरलं. ती यायलाच हवी का. मला ज्यांच्याबद्दल प्रेम वाटतं असे कितीतरी वादक या परीक्षेला बसलेच नाहीत. जॅंगो राइनहार्ट १९२८ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत भाजले, डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली. उरलेल्यांवर त्यांनी आपली वेगळी वाट काढली. टोनी आयोमी डावखुरे, कारखान्यातल्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे तारा दाबणाऱ्या हाताची. त्यांनी टोकांवर टोप्या बनवून चढवल्या आणि पातळ तारा लावल्या. जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला. त्यांनी तारा निराळ्या सुरांत मिळवून घेतल्या. जिमी हेंड्रिक्स यांचे हात मोठे. ते अंगठा मानेवरून वर आणून सहावी तार दाबत आणि खाली तर्जनी दोन पातळ तारांवर. म्हणजे माझी छोटी एफ, आणि तुमचा खर्जही हजर. यातल्या कुणाला तुम्ही अर्धी गिटार आली असं म्हणाल?

उत्साही : कुणालाच नाही. पण त्यांची उदाहरणं नीट बघू. जोनी मिचेल यांच्यासारख्या मिळवलेल्या तारांवर एकच बोट सरळ आडवं टाकलं की अख्खी मेजर कॉर्ड येते. बार तिथे टळत नाही, उलट तो इतका सोपा होतो की उरलेली बोटं मोकळी राहतात. आयोमींनी टोप्या चढवल्या त्या वाजवणं सोडायचं नव्हतं म्हणून. या सगळ्यांच्या कानात काहीतरी स्पष्ट होतं आणि हात ते देत नव्हता. मग त्यांनी हाताची वाट बदलली, कानातलं सोडलं नाही. नवशिक्याच्या कानात ते अजून आलेलंच नाही. तो जी आणि डीवर बी मायनर भागवतो तेव्हा काय गेलं हे त्याला ऐकू येत नाही. जे ऐकलंच नाही ते सोडून द्यायचं की नाही, हे तो कसा ठरवणार? तुम्ही त्याला निवड देताय असं म्हणता, पण खरं तर तुम्ही त्याच्यासाठी निवड करून टाकताय.

साशंक : आणि तुम्ही करत नाही? ज्याने एफपाशी गिटार टांगून ठेवली त्याच्यासाठीही कुणीतरी निवड केलेलीच होती. तो आता ना बी मायनर ऐकणार ना जी. तुमच्या पद्धतीत गळणारा कुणी मोजत नाही, कारण तो समोर बसलेला नसतो. माझ्या पद्धतीत कमी शिकलेला रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून ती उणी दिसते.

उत्साही : हे लागलं मला. खरं आहे, गेलेल्यांची गिटार ऐकू येत नाही. पण मग एक सांगा. अकरा वर्षांची मुलगी आहे असं धरू. हात लहान, गिटार स्टीलची, आई काळी चारमध्ये गाते. काय कराल?

साशंक : आधी नट बघेन. तारा पातळ लावेन. पहिल्या फ्रेटवर कॅपो, जीचा आकार, आणि त्याच आठवड्यात आईच्या सोबत एक गाणं. गाण्यात बी मायनरची जागा आली तर जी. दोघींना एकत्र गायला-वाजवायला मिळालं की ती पुढच्या आठवड्यात येईलच.

उत्साही : आणि ती बी मायनरची जागा? तिथे आईचा गळा एकीकडे जातो आणि गिटार जराशी मागे राहते. मुलीला ते बोचलं तर?

साशंक : बोचलं आणि तिने विचारलं, तर त्या क्षणी शिकवेन. तेव्हा ती जोर लावणार नाही, शोधेल.

उत्साही : नाही विचारलं तर?

साशंक : तर एकदा तिच्यासमोर ती जागा दोन्ही प्रकारे वाजवून दाखवेन. आधी जी घेऊन, मग खरी बी मायनर घेऊन. शिकवणार काहीच नाही. नुसतं ऐकवेन.

उत्साही : मग कानात ते तुम्हीच घातलंत. कधी ऐकवाल?

साशंक : सहाव्या महिन्यात. हात थोडा बसल्यावर.

उत्साही : मी पहिल्याच आठवड्यात ऐकवेन. हात बसण्याआधी.